वैद्यीणबाईंची रजा

ता. ३ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. पुढे वि. वि. की काय लिहितात ते मला कधी जमलं नाही. चौथीत शाळा सुटली, तेव्हा ते तुझं तूच मनात घाल.

तुझं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले आणि मी अजून फिरकले नाही. फोन करावा तर तुझा आवाज गेलेला. इकडून मी एकटीच बोलणार आणि तिकडून नुसती खरखर. मला ते नको वाटतं. मोबाइलवर लिहायला गेले तर माझं एक बोट दोन अक्षरांवर पडतं. म्हणून कागद घेतला. अक्षराला हसू नकोस.

न येण्याचं कारण तुझ्या लेकीला, ठकीला, फोनवर सांगितलंच आहे. लॉन्ड्रीत माणसं नाहीत. चादरींच्या गरम रोलवर चार बायका लागतात, दोघी ओली चादर आत सरकवायला, दोघी पलीकडून घडी घालायला. त्यातली एक बाळंतपणाला गेली, दुसरीची पाठ धरली. हॉटेलवाल्यांच्या चादरी काही थांबत नाहीत. सुपरवायझरबाईकडे रजा मागितली तर म्हणाली, भाऊ बरा होतोय ना, मग काय घाई? तुझं ऑपरेशन झालं त्यानंतरचे आठ दिवस तर मी सकाळी सातला गेलेली संध्याकाळीच घरी. माझा जीव तिकडे आणि हात रोलवर, असं चाललं होतं.

बाकी इकडे ठीक. गुडघा बरा आहे. मागच्या वर्षी तो सुजला तेव्हा ठकीनं वेळ जावा म्हणून कॉम्प्युटरवर तो खेळ लावून दिला होता ना, ज्यात माणसं आपापल्या घरी बसून टोळी करतात आणि राक्षस मारतात, तो अजून चालू आहे. मला तिनं वैद्यीण करून टाकलं. मारामारी बाकीच्यांनी करायची, मी मागे उभं राहून त्यांना बरं करायचं. कामावरून आल्यावर तासभर, त्याच्यावर नाही. आधी ठकीला शिव्या घातल्या, आता तीच वेळ बरी जाते.

वेळेवर औषध घे. ठकीवर चिडू नकोस, चिडलास तरी आता तिला ऐकू जाणार नाही म्हणा.

माया होती तेवढीच ठेव, वाढवायला सांगायला मला तोंड नाही.

तुझी,
भिंगरी


ता. ६ मार्च
हॉस्पिटल, पहिला मजला

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. अक्षर बघून सिस्टरना वाटलं, घाईघाईत डॉक्टरांनीच लिहिलंय.

मी बरा आहे. गळ्याला खाली भोक आहे, त्यात नळी आहे, श्वास तिथून येतो-जातो. नाक आता नुसतं चष्मा ठेवायला. बोलायचं ते पाटीवर. तेवीस वर्षं गाडी शिकवताना क्लच सोड, ब्रेक दाब म्हणून ओरडलो, त्या घशाची ही वसुली. काल जुनी विद्यार्थीण बघायला आली होती. म्हणाली, सर, तुम्ही आत्ता शिकवत असतात तर मी पहिल्याच खेपेला पास झाले असते. मी पाटीवर लिहिलं, तू आधी आरसा बघायला शीक.

आता कामाचं. २८ तारखेला मला घरी सोडतील, पण एका अटीवर. घरातल्या कुणीतरी नळी साफ करायला शिकलं पाहिजे. दिवसातून चार वेळा ती काढायची, धुवायची, मशिननं आतला कफ ओढायचा आणि परत बसवायची. मला आरशात बघून करता येत नाही, हात कापतात. सिस्टर २५, २६, २७ असे तीन दिवस सकाळी नऊ वाजता शिकवतात. ठकीची रजा २४ ला संपते, तिला परत नोकरीवर जायला हवं, नाहीतर नोकरी जाईल. तुझी वहिनी असती तर प्रश्नच नव्हता. कुणीच शिकलं नाही तर मला शुश्रूषागृहात ठेवतील. तिथे आठ आठ जणांची खोली आहे. मी बघून आलो नाही, ठकी बघून आली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

तू येशील का शिकायला? जमत नसेल तर तसं लिही. तुझ्या चादरी मला माहीत आहेत.

ठकी दुपारी खाटेशेजारी बसून तो तुमचा खेळ उघडते. मीही बघतो. मला त्यातलं सगळं कळत नाही, थोडं थोडं कळतं.

जपून राहा आणि उत्तर टाक.

तुझा,
दादा


ता. १० मार्च

ती. दादास,

सा. न. बघ, निम्मं तरी जमलं.

रजेचं अवघड आहे. विचारते सुपरवायझरबाईला, पण तिचं तोंड तुला माहीत नाही. मी म्हणते, पैसे देऊन एखादी नर्स नाही का मिळत? किंवा तुझ्या शेजारचा तो कुलपं दुरुस्त करणारा, त्याचा हात इतका बारीक चालतो, त्याला शिकवा की. माझे हात चादरींचे, दांडगे. एवढीशी नळी माझ्या हातून कुठे तरी भलतीकडेच जाईल आणि मग मला बोल लागेल. मी आपली खरं ते सांगते, तुला माहीत आहे माझा स्वभाव.

तू खेळ बघतोस म्हणालास, म्हणून सांगते, आम्ही काही असे तसे नाही. पडद्याच्या कडेला दहा जणांच्या जिवाच्या दहा पट्ट्या असतात. भरलेली असली की हिरवी, मार लागला की कमी होत होत लाल. मी कुणाच्या तोंडाकडे बघतच नाही. मधोमध आग लागलेली असते, रक्त, किंकाळ्या, माझी नजर कडेला पट्ट्यांवर. जो पुढे ढाल घेऊन मार खातो त्याची पट्टी आधी भरायची, मग बाकीच्यांची. एक बाणवाली पोर आहे, सारखी पुढे पळायची. दोनदा तिला लिहिलं, दम धर. तिसऱ्यांदा पळाली तेव्हा मी तिला पडू दिलं आणि मग उठवलं. तेव्हापासून शेपटासारखी माझ्या मागे असते. मेलेल्याला उठवायला दहा सेकंद लागतात. रोलमधून एक चादर निघते तेवढ्यात माणूस उठून उभा. आणि वर लिहितात, थँक्यू काकू. इतक्या वर्षांत रोलवर मला कुणी थँक्यू म्हटलेलं नाही.

तुझ्या ऑपरेशनच्या आठवड्यात तर आम्ही तो मोठा अजगर मारला. सकाळी दहाला बसलो ते चारला उठलो. सहा जण पडले होते, सहाही जण मी उठवले. म्होरक्या म्हणाला, काकू नसत्या तर आपण संपलो होतो.

असो. रजेचं बघते. नाही म्हणत नाही, बघते म्हणते.

रागावू नकोस, एवढंच पाठवते.

भिंगरी


ता. १३ मार्च

आत्या,

नमस्कार. हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे. फोनवर मी रडले असते आणि तू मला झापून फोन ठेवला असतास.

तुझ्या पत्रात तूच लिहिलंयस, ऑपरेशनच्या आठवड्यात सकाळी दहा ते चार अजगर मारला. त्याच आठवड्यात तू सात ते संध्याकाळ लॉन्ड्रीत होतीस. बाबांनी दोन्ही पत्रं शेजारी ठेवली आणि मग उशीखाली सारली.

पण त्यांना ते आधीच माहीत होतं. मी तुला कधी सांगितलं नाही, खेळात कुणी येऊन बसलं की बाकीच्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. मी बाबांजवळ बसून उघडायचे आणि तुझं नाव हिरवं. सकाळी हिरवं, दुपारी हिरवं. आठ दिवस. पहिल्या दिवशी मी म्हटलं, आत्याचा कॉम्प्युटर चुकून चालू राहिला असेल. दुसऱ्या दिवशी तू एका माणसाला उठवताना दिसलीस. मी स्क्रीन फिरवली तोवर बाबांनी बघितलं होतं. पाटीवर लिहिलं, तिला काही बोलू नकोस. मग पुसलं आणि लिहिलं, चांगली खेळते.

मी लॉन्ड्रीत फोन केला होता. तुझ्या सुपरवायझरबाई म्हणाल्या, ताईंना मी भावासाठी आठ दिवसांची रजा दिली आहे, अजून लागली तर देईन.

मला कारण नको आहे. २५ तारखेला सकाळी नऊ वाजता मला इथे कुणीतरी हवं आहे. तू नसशील तर २८ ला त्यांची बॅग शुश्रूषागृहात जाणार. त्या खोलीत खिडकीजवळची खाट रिकामी नाही.

ठकी


ता. १६ मार्च

चि. ठकीस,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी मी तुझ्यावरच पेटले. म्हटलं, ही कालची पोर माझ्या मागे लॉन्ड्रीत चौकशा करते. हिला चालायला मी शिकवलं, आणि ही माझ्यावर ठिपके लावून पाळत ठेवते. दोन कागद फाडले. हा तिसरा.

रजा मिळाली होती. बाई चांगली आहे, तिचं नाव मी उगीच खराब केलं. आठ दिवस मिळाली होती आणि मी पिशवी भरून निघालेही होते.

आता जे लिहिते ते तुझ्या बापाला सांगू नकोस. मी आले होते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या बसने. चार तास उभी होते, कारण बसले असते तर ते केळ्यांचं पुडकं चेंगरलं असतं. खाली त्या काउंटरवाल्या मुलाशी भांडले, वेळ नसताना सोडत नव्हता, त्याला म्हटलं भाऊ आहे माझा, तुझ्या वेळा तुझ्याजवळ ठेव. इतकी भांडून वर आले. दाराशी पोचले. तू नव्हतीस, औषध आणायला गेली असशील. दादा खाटेवर टेकून बसला होता. गळ्याला ते भोक, त्यातून नळी, नळीतून फसफस आवाज. त्यानं तोंड उघडलं. तोंड हललं. पुन्हा हललं. आवाज काहीच नाही. चौकात उभा राहून हाक मारली तर तिसऱ्या गल्लीतलं मूल घरी पळायचं, असा तो माणूस.

मी मागे फिरले. केळी खाली त्या भांडलेल्या पोराच्या टेबलावर ठेवली आणि परतीची बस धरली. घरी आले, चपला काढल्या नाहीत, कॉम्प्युटर लावला. कुणीतरी पडलं होतं, त्याला उठवलं. तो उठला, थँक्यू काकू म्हणाला. मग दुसरा पडला. मग मी तिथून उठलेच नाही. आठ दिवस भाकरतुकडा काय खाल्ला ते आठवत नाही. जे पडले ते सगळे उठवले. सगळे परके. त्यांची नावं पण खरी नाहीत.

रोज सकाळी पिशवी बघायची, भरलेली तशीच दारात होती. म्हणायचं, उद्या. आणि आठ दिवस संपल्यावर कुठल्या तोंडाने येणार, म्हणून ते चादरींचं सगळं रचलं.

मी शिकायला नको ठकी. नळी हातात घेऊन मी परत पळाले तर? तेव्हा तो नुसता बसलेला होता. आता त्याचा श्वास माझ्या हातात असेल. शेजाऱ्याला विचार. मी पैसे पाठवते दर महिन्याला, ते जमेल मला.

तू मला शिव्या दे, मी नाही म्हणणार नाही.

आत्या


ता. १९ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. ठकीनं तुझं पत्र मला वाचायला दिलं. तिला ओरडू नकोस. तू सांगू नकोस म्हणालीस म्हणून तिनं सांगितलं नाही, नुसतं माझ्या हातात ठेवलं.

मी तुला बघितलं होतं. निळी पिशवी, केळी, आणि धाप लागलेली तू. दारात उभी होतीस. तोंड हललं ते तू बघितलंस, पण काय म्हणत होतो ते तुला कळलं नाही. मी तुला हाक मारत होतो. भिंगरे म्हणून. तीन वेळा मारली. ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा बोलायला गेलो तो तेव्हा. डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं, तरी आवाज येणार नाही हे मला त्या क्षणी कळलं. तू वळलीस आणि मला वाटलं, हिला ऐकूच गेलं नाही, म्हणून गेली.

ठकीनं शेजाऱ्याला विचारलं. भला माणूस आहे, नाही म्हणवेना त्याला, पण चेहरा पांढरा पडला. तू पैशाचं लिहिलंस. नर्सला चार वेळा बोलवायचं तर माझं अख्खं पेन्शन आणि तुझा अर्धा पगार जाईल, आणि रविवारी ती येणार नाही. रविवारी पण श्वास घ्यावा लागतो.

२५ ला सकाळी नऊ. पहिला मजला, उजवीकडे. दार तुला माहीत आहे.

दादा


ता. ३ एप्रिल

चि. ठकीस,

आशीर्वाद. तुला फोनवर एवढंच सांगितलं की शिकले आणि दादा घरी आहे. तू विचारत राहिलीस, बाकी कसं काय, आणि मी बरं म्हणून ठेवून दिला. बाकीचं असं.

२५ ला मी आठ वाजताच आले. खाली जिन्यात बसून राहिले. नवाला पाच कमी असताना एक आजोबा काठी टेकत वर जात होते, त्यांना जिना चढवायच्या निमित्ताने वर गेले. एकटी चढले नसते. दारात आल्यावर डोळे फरशीवर ठेवले आणि खाटेपर्यंत फरशी मोजली. दादानं मला बसायला पाय बाजूला घेतले.

सिस्टरनी मशिन चालू केलं. त्याला एक काटा आहे, किती जोरात ओढतंय ते दाखवतो. मी त्या काट्याकडे बघत नळी आत घातली. दादा इतका खोकला की माझ्या कपड्यांवर आलं सगळं. सिस्टरनी मशिनचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाल्या, बाई, काट्याकडे नाही, पेशंटकडे बघा, त्यांच्या डोळ्यांत कळतं. मी नाही बघितलं. दुसऱ्यांदाही खोकला. तिसऱ्यांदा सिस्टरनी माझी हनुवटी धरून वर केली. मी बाई पन्नाशीला आलेली, माझी हनुवटी धरली. तेव्हा बघितलं. गळ्यातलं ते भोक आहे तसं आहे, बघायला वाईटच आहे, मी काही गोड बोलणार नाही. पण तो भोकातून माझ्याकडे बघत नव्हता, डोळ्यांनीच बघत होता. नीट गेली नळी. २७ ला सिस्टरनी कागदावर सही दिली. आता दिवसातून चार वेळा करते.

इकडे यायच्या आधी लॉन्ड्रीत सुपरवायझरबाईला जाऊन खरं सांगितलं. इकडच्या शाखेत बदली मागितली आहे. रोल इथेही आहेत, चादरी काय सगळीकडे सारख्या. खेळातल्या टोळीला लिहिलं की दुसरा वैद्य बघा. म्होरक्यानं कारण विचारलं. मी लिहिलं, घरी पेशंट आहे. सगळ्यांनी लिहिलं, काकू काळजी घ्या, तुम्ही किती चांगल्या आहात. ते वाचून मी कॉम्प्युटर बंद केला तो अजून लावलेला नाही.

आता खरी गोष्ट. घरी आल्यापासून दादा माझ्याशी पाहुण्यासारखा वागायला लागला. नळी साफ झाली की पाटीवर, आभारी आहे. जेवण दिलं की, छान झालंय. ठकी, त्या माणसानं कुणाला कधी छान म्हटलंय? पाच दिवस मी ते आभारी आहे वाचलं. सहाव्या दिवशी म्हटलं, दादा, एकदाचं ओरड मला. त्यानं पाटी घेतली, दोन शब्द लिहिले, पुसले. परत लिहिले, पुसले. पाटी लहान आणि राग मोठा, मावेना. मी तुझी जुनी वही फाडून त्याच्यापुढे ठेवली आणि आत भांडी घासायला गेले.

दोन तास लिहीत होता. चार पानं, दोन्ही बाजूंनी. माझ्यापुढे सरकवली. मी मनात वाचायला लागले तर त्यानं टेबलावर हात आपटला आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. मोठ्यानं वाच.

मग मी वाचलं. माझं वाचणं तुला माहीत आहे, अक्षराला अक्षर लावत. तू बेशरम आहेस. तू लहानपणापासून अवघड आलं की पळतेस. त्यानं हात आपटला, आणखी मोठ्यानं. मी ओरडून वाचलं. बाप गेला तेव्हा पण तू स्वयंपाकघरात लपली होतीस, मी कुणाला सांगितलं नाही. हात. आणखी मोठ्यानं. इतकी ओरडत होते की कुलूपवाला धावत आला, कोण कुणाला बोलतंय म्हणून. दादानं माझ्याकडे बोट केलं. मीही माझ्याकडेच केलं. तो बिचारा दोघांकडे बघून निघून गेला.

तिसऱ्या पानावर एक ओळ आली. ती सोडून मी खालच्या ओळीवर गेले तर त्यानं माझं बोट धरून परत वर ठेवलं. मी म्हटलं, हे नको दादा. तो बोट सोडेना. शेवटी वाचलं. लिहिलं होतं, त्या आठ दिवसांत मला वाटलं, मी ऑपरेशनमध्येच गेलो असतो तर बरं झालं असतं, मग तू नक्की आली असतीस.

मी ते मोठ्यानं वाचलं. सगळ्यात मोठ्यानं. मग त्यानं माझं बोट सोडलं.

पुढच्या ओळीपासून मी रेडिओ फार मोठा लावते, नळ नीट बंद करत नाही आणि त्याच्या चष्म्याला ओले हात लावते, याच्या शिव्या होत्या. दीड पान. त्या मी खणखणीत वाचल्या.

संध्याकाळी नळी साफ केली. त्यानं पाटीवर आभारी आहे लिहिलं नाही.

तू जेवत जा वेळेवर. माझ्यावरचा राग गेला नसेल तर राहू दे, पण मे महिन्यात ये.

तुझी,
आत्या